दुनळीतून स्लग मारताना दोन नळ्यांच्या गोळ्या दोन ठिकाणी का पडतात

द्राक्षबागेची ऑक्टोबरची गोडी छाटणी आटोपली, की दिंडोरी-निफाडकडची मंडळी घरची दुनळी घेऊन दुकानात येऊ लागतात. कुणाचं लायसन्स नूतनीकरणाला आलेलं असतं, कुणाची बंदूक निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होती ती नुकतीच परत मिळालेली असते. छर्‍यांबद्दल कुणाची तक्रार नसते. तक्रार असते ती बॉलची, म्हणजे स्लगची, छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसाची. "भाऊ, उजव्या नळीची गोळी डावीकडे जाते आणि डाव्या नळीची उजवीकडे. नळ्या वाकल्यात का बघा जरा."

नाशिकमधल्या एका परवानाधारक दुकानात मी बावीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. दरवर्षी हेच गाऱ्हाणं येतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. दहापैकी आठ वेळा नळ्या वाकलेल्या नसतात आणि मारणाऱ्याचा नेमही वाईट नसतो. दुनळी बंदूक कारखान्यात एका ठराविक काडतुसावर जुळवलेली असते. आपण तिच्यात दुसरंच काडतूस घालतो आणि दोष नळ्यांना देतो. म्हणून कानस, हातोडा किंवा वाइसला हात लावण्याआधी काडतूस आणि निशाणाचा कागद या दोन गोष्टी तपासायच्या.

त्याआधी कायद्याचं. आपल्याकडे शिकार बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ प्रमाणे तो गुन्हा आहे. रानडुकराने मका झोपवला तरी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हातात असल्याशिवाय बार काढता येत नाही. बंदुकीचं लायसन्स म्हणजे ती परवानगी नव्हे. स्लग घालून दुनळीने डुकरांची हाकाऱ्याची शिकार चालते ती फ्रान्स-जर्मनीत. अमेरिकेत आयोवा, इलिनॉयसारख्या राज्यांत तर हरणासाठी रायफलऐवजी स्लगची शॉटगन वापरण्याचा नियम वर्षानुवर्षं होता. रायफलिंग केलेल्या, म्हणजे नळीच्या आत पिळदार खाचा पाडलेल्या दुनळ्या बनतात त्याही मुख्यतः त्या बाजारासाठी. पुढे जे लिहितोय ते अधिकृत रेंजवर, लायसन्सच्या अटींत राहून बंदूक तपासण्याबद्दल आहे.

आता मुळाशी जाऊ. दुनळी हातात घेऊन वरून बघा. मागे चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथे, दोन नळ्यांमध्ये जास्त अंतर असतं, पुढे तोंडाशी कमी. म्हणजे नळ्या समांतर नसतात, एकमेकींकडे झुकलेल्या असतात. दोन्हींच्या मध्यरेषा पुढे वाढवल्या तर लक्ष्याच्या बऱ्याच अलीकडे त्या एकमेकींना छेदतील. हे मुद्दाम केलेलं असतं. उजवी नळी बंदुकीच्या मध्याच्या उजवीकडे असते. ती उडाली की धक्का मध्यावर न बसता उजव्या अंगाला बसतो आणि बंदुकीचं तोंड किंचित उजवीकडे व वर फिरतं. गोळी नळीत असते जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद, पण तेवढ्यात बंदूक सात-आठ मिलिमीटर मागे सरकलेली असते आणि फिरायलाही लागलेली असते. कारागीर हा फिराव लक्षात घेऊन उजवी नळी आधीच डावीकडे वळवून डाख देतो, म्हणजे दोन्ही नळ्या झाळून जोडतो. गोळी तोंडातून सुटते त्या क्षणी नळी सरळ लक्ष्याकडे बघत असावी, असा तो हिशोब असतो. डाव्या नळीचं याच्या उलट.

हा हिशोब काडतूस बदललं की बिघडतो. गोळी जोरात असेल तर ती नळीतून लवकर सुटते, बंदुकीला पुरेसं फिरायला वेळ मिळत नाही आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे पडते. याला आम्ही कैची म्हणतो. गोळी मंद असेल तर ती नळीत जास्त वेळ राहते, बंदूक जास्त फिरते आणि उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे अशी फाकत जाते. म्हणून कैची झाली तर मंद काडतूस, फाकली तर जोराचं काडतूस, हा पहिला उपाय. वर-खाली नळ्यांच्या बंदुकीत हीच भानगड उभ्या रेषेत दिसते.

मग छर्‍याला हे का कळत नाही? साध्या दुनळीची जुळवणी छर्‍यांसाठी साधारण ३६ मीटरवर, म्हणजे इंग्रजी ४० यार्डांवर पाहतात. तिथे छर्‍यांचा पसारा ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात मोजतात. दोन पसारे एकमेकांपासून बारा-पंधरा सेंटिमीटर सरकले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. स्लग ही एकच गोळी. तिचे बारा सेंटिमीटर कागदावर लगेच दिसतात. म्हणजे बंदूक पहिल्यापासून तशीच होती, फक्त आजवर कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता.

तपासणी कशी करायची ते नीट सांगतो, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. पिंपळगावच्या बाजारात मिळतात ती द्राक्षांची रिकामी खोकी उलगडली की मोठा पुठ्ठा मिळतो. दोन जोडून एक मीटरचा चौकोन करा, मध्ये तळहाताएवढा काळा कागद चिकटवा. आधी २५ मीटर, मग ४०. मागे मातीचा जाड बांध हवाच. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर स्लग आपटला तर कुठे उसळेल याचा भरवसा नाही, आणि मोकळ्यावर सुटलेला स्लग किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो.

बंदूक टेकवताना नळ्या कधीही सरळ वाळूच्या पिशवीवर ठेवू नका. कडक टेकूवर ठेवलेली बंदूक वर उसळते, तिचा नेहमीचा फिराव होत नाही आणि मग जो निकाल येतो तो त्या पिशवीचा असतो. पिशवीवर हात ठेवा, हातात पुढचं लाकूड धरा, बाकी पकड उभ्याने मारतो तशीच. उजवी, मग दहा सेकंदांत डावी, हा एक जोड. जोड झाला की बंदूक उघडून सावलीत दहा मिनिटं ठेवा, नळ्या हाताला थंड लागल्या पाहिजेत. असे तीन जोड. प्रत्येक भोकाशेजारी लगेच 'उ' किंवा 'डा' लिहा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्या माणसाच्या सहा भोकांपैकी चार कुणाची हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही.

जोडाने मारण्याचं कारण उष्णता. एकट्या उजव्या नळीतून पाच-सहा बार काढले तर ती तापून लांबायला बघते. ७१ सेंटिमीटरची पोलादी नळी ६० अंशांनी तापली तर साधारण अर्धा मिलिमीटर वाढते. पण शेजारची थंड नळी तिला डाखाने धरून ठेवते, म्हणून सगळी जोडीच किंचित वाकते. एका ग्राहकाने उजव्या नळीतून ओळीने आठ मारले आणि "गोळी सरकत चाललीय" म्हणून घाबरून आला. बंदुकीत काहीच बिघाड नव्हता.

आता कागद वाचायचा. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच बाजूला गेल्या, समजा सगळ्या वर किंवा सगळ्या डावीकडे, तर नळ्यांची जुळवणी बरोबर आहे. तिथे दस्त्याची लांबी-वाक, गालाची टेक किंवा डोळा तपासायचा. दुनळीवर मागचा साइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, बहुधा नसतोच, तुमचा डोळा हाच मागचा साइट. गाल दस्त्यावरून अर्धा सेंटिमीटर उचलला की ४० मीटरवर गोळी वीस-पंचवीस सेंटिमीटर वर जाते. कैची किंवा फाकणं दिसलं तर काडतूस बदलायचं. एक नळी नीट आणि दुसरी एकटीच भटकत असेल तर त्या नळीत पाहायचं: चोक (तोंडाशी नळी आवळलेली असते तो भाग), खड्डा, तोंडाची घासलेली कड. आणि दोन्ही नळ्यांचा नुसता विस्कोट असेल, काहीच जुळत नसेल, तर कारण नळीत साचलेलं शिसं, गोळीचा प्रकार किंवा मारणाऱ्याचं दचकणं.

मागच्या हंगामातलं एक उदाहरण देतो. दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार, वडिलांच्या वेळची दुनळी, लायसन्स वारसाने नावावर झालेलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. रेंजवर ४० मीटरला उजवी नळी १४ सेंटिमीटर डावीकडे, डावी १२ सेंटिमीटर उजवीकडे. तिन्ही जोड तसेच, आणि प्रत्येक नळीचे तीन बार आपापसांत मुठीएवढ्या जागेत. हा आकडा बघून मला उलट बरं वाटलं. प्रत्येक नळी आपल्यापुरती एकाच जागी मारतेय, म्हणजे बंदूक निरोगी आहे. नाना मात्र नळ्या मधून सोडवून पुन्हा डाख द्यायला सांगत होते. मी म्हटलं, "नाना, आधी दोन डब्या काडतुसं बदलून बघू, नळ्या कुठे पळून जात नाहीत." त्यांचा स्लग २८ ग्रॅमचा, हलका आणि जोराचा होता. मंद वेगाचा दुसरा मिळाला त्याने मारलं. अंतर २६ वरून ७ सेंटिमीटरवर आलं. २५ मीटरला तर दोन भोकं एकमेकांना चिकटली. नानांनी तो पुठ्ठा घडी करून घरी नेला.

काडतूस बदलण्यापूर्वी चेंबर बघा. ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर असतं. हल्लीचं काडतूस ७० मिलिमीटरचं. डब्यावरची लांबी ही उडाल्यानंतर उलगडलेल्या केसची असते, त्यामुळे न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि माणूस फसतो. तोंड उलगडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळ्यांच्या खालच्या अंगाला प्रूफ मार्क, म्हणजे दाबाच्या चाचणीचे ठसे असतात, ते वाचून घ्या. १८७५ ते १८८७ च्या दरम्यान चोक केलेल्या इंग्रजी नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असं ठोकलेलं असे. ते दिसलं तर त्यात एक गोळीचं काडतूस घालायचं नाही, विषय संपला. नळीवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे पिळाची दमास्कस नळी असेल, तर ती भिंतीवर शोभते, तिथेच राहू द्या.

चोकचं थोडं. बहुतेक दुनळ्यांत उजव्या नळीला कमी चोक आणि डाव्या नळीला फुल. फुल चोक म्हणजे तोंडाशी नळी सुमारे एक मिलिमीटर आवळलेली. मऊ शिशाच्या स्लगवरच्या धारा यासाठीच असतात, आवळलेल्या तोंडातून जाताना त्या चेपतात आणि नळीवर ताण येत नाही. तरीही फुल चोकमधून स्लग चांगला मारत नाही, कमी चोकची नळीच त्याला मानवते. म्हणून उजवी घट्ट आणि डावी विस्कटलेली दिसली तर नवल नाही. नळीचं तोंड कापून चोक घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा. बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करणं हा शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ खाली येणारा प्रकार आहे.

डब्यावरच्या नावाने होणारा घोळ इतका आहे की त्यावर वेगळं बोलायलाच हवं. 'रायफल्ड स्लग' असं लिहिलेलं काडतूस रायफलिंगच्या नळीसाठी नसतं. ते साध्या, गुळगुळीत नळीसाठी असतं. खाचा गोळीच्या अंगावर आहेत म्हणून ते नाव. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये काढलेला हा प्रकार, पुढे जड आणि मागे पोकळ. बॅडमिंटनच्या फुलासारखा वजनाच्या बाजूने सरळ जातो, अंगावरच्या खाचांमुळे फारसा फिरत नाही. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेचा १८९८ चा स्लग भरीव, त्याच्या बुडाला वॅड, म्हणजे दारू आणि गोळीमधला बोळा, जोडलेला, तोही गुळगुळीत नळीचाच. नळीच्या आत पिळदार खाचा असतील तर तिथे प्लॅस्टिकच्या कवचातला सॅबो स्लग चालतो. उलटं केलं की त्रास सुरू. सॅबो गुळगुळीत नळीतून मारला तर फिरकी मिळत नाही आणि गोळी कागदाला आडवी लागते, भोक चावीच्या भोकासारखं लांबट दिसतं. फॉस्टर रायफलिंगच्या नळीतून मारला तर पहिले दोन-तीन बार बरे जातात आणि मग शिसं खाचांत भरतं. आणि रायफलिंगच्या नळीतून छर्रे मारले तर फिरकीने ते बाहेर फेकले जातात, मधोमध मोकळं कडं तयार होतं. परदेशात राहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांकडून मला हे प्रश्न फोनवर येतात, डुकराच्या शिकारीसाठी रायफलिंगची दुनळी घेतलेली असते आणि काडतूस दुकानातलं सगळ्यात स्वस्त.

अशी एक बंदूक आपल्याकडचीही पाहिली. सुरगाणा-पेठ पट्ट्यातल्या एका जुन्या घरातली, पॅराडॉक्स धर्तीची. कर्नल फॉस्बेरी हे हिंदुस्थानात लढलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले अधिकारी. त्यांनी १८८५ मध्ये पेटंट घेतलं आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १८८६ पासून या बंदुका बनवल्या. नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या दोन-अडीच इंचांत पिळदार खाचा. छर्राही मारायचा आणि गोळीही. जंगलात सकाळी तितर आणि दुपारी अस्वल, अशा काळासाठी ती केलेली. मालकाची तक्रार होती की आजोबा म्हणे पन्नास पावलांवर नारळ फोडायचे, आणि आता दार भरून पसारा होतो.

मी तोंडाकडून आत टॉर्च मारली. खाचांच्या जागी चकचकीत पट्टे होते, मिठाईवर चांदीचा वर्ख बसतो तसे. कुणीतरी चकाकी बघून "नळी एक नंबर स्वच्छ" म्हणून सांगितलं होतं. ते सगळं शिसं होतं. खाचा पूर्ण भरलेल्या. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर तोंडाशी ठेवली, सकाळी कांस्याचा ब्रश चेंबरच्या बाजूने घालून फिरवला. पहिल्या चिंधीवर काळं आलं, तिसरीपासून नखाएवढ्या रुपेरी पापड्या यायला लागल्या. असं दोन दिवस चाललं. पोलादी ब्रश किंवा पॉलिश पेपर घातला असता तर एका तासात काम झालं असतं आणि शंभर वर्षांच्या खाचाही गेल्या असत्या. मग दोन्ही नळ्यांत खाचांच्या कडा दिसल्या, ताज्या कातलेल्या. प्रूफ नायट्रोचं, म्हणजे बिनधुराच्या दारूचं होतं, चेंबर अडीच इंची, म्हणून त्याच मापाच्या मऊ गोळीच्या काडतुसाने मारून पाहिलं. पन्नास पावलांवर दोन्ही नळ्या नारळाएवढ्या जागेत. आता दर पाच बारांनी चिंधी फिरवायची, एवढंच त्यांना सांगितलं आहे.

खरा यांत्रिक दोष असतो तो दहांतल्या त्या उरलेल्या दोन वेळा. तो ओळखायची जुनी रीत अजून सगळ्यात चांगली. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, पुढचं लाकूड काढा, नळ्या सुट्या करा. खालच्या हुकात बोट घालून त्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोका. देवळातल्या घंटेसारखा लांब, स्वच्छ नाद आला तर डाख शाबूत. भद्द किंवा खरखर आवाज आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटलीय. तिथे पावसाळ्याचं पाणी शिरतं, आतून गंज चढतो आणि बार काढला की नळ्या आपापल्या मर्जीने हलतात. हे काम परवानाधारक कारागिराचंच. तसंच नळ्या बसवून बंदूक बंद करा, लाकूड काढलेलं असू द्या, कानाशी धरून हलवा. बिजागरीत खडखड ऐकू आली तर आधी ती दुरुस्ती, मग स्लगचा विचार.

दचकण्याबद्दल कुणाला बोललेलं आवडत नाही, तरी लिहितो. स्लगचा धक्का खांद्याला लागतो आणि दुसऱ्या बाराच्या वेळी हात आपोआप आवळतो. बोट पुढच्या चापावरून मागच्या चापावर जाताना पकडही सरकते, म्हणून डावीची गोळी खाली-डावीकडे जाते. सोबत्याला सांगा, तुम्हाला न दाखवता एका नळीत डमी काडतूस घालायला. चाप ओढल्यावर बार न होता तोंड खाली झुकलं, तर उत्तर मिळालं. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी अंजली भागवतांसारख्या नेमबाजांना मनाच्या तयारीचे धडे दिले, तेव्हा मन आणि चाप यांचं नातं आपल्या गावाला नव्याने सांगायला नको. रोज दहा मिनिटं डमी काडतुसावर शांत श्वासाने चाप ओढायचा सराव केला तर महिन्याभरात फरक दिसतो.

नळ्या वाइसमध्ये धरून वाकवणं, भट्टीवर डाख वितळवून "जरा सरकवणं", गुळगुळीत नळीत रायफलिंग पाडून घेणं, घरी काडतूस भरून वेग कमी-जास्त करणं, हे चारही उद्योग झालेल्या बंदुका मी पाहिल्यात. एकही पूर्वीसारखी झाली नाही. लायसन्सवर जी बंदूक लिहिली आहे तीच घरात असली पाहिजे, आणि काडतूस भरणं हे परवान्याचं काम आहे.

दुकानात याल तेव्हा लायसन्स, बंदूक, वापरलेल्या काडतुसाचा डबा आणि उडालेली दोन केस आणा. आणि तो पुठ्ठा आणा, 'उ' आणि 'डा' लिहिलेला, अंतर एका कोपऱ्यात टिपलेलं. पुठ्ठा असेल तर बहुतेक वेळा बंदूक उघडायच्या आधीच मला काय ते कळतं.